कोरा रकाना

जूनमध्ये डोंगरावर सोडल्या मेंढ्या: सहाशे बारा.
सप्टेंबरात खाली उतरल्या: पाचशे अठ्ठ्याण्णव.
(कोकरं वेगळ्या तक्त्यात. त्यांचं नंतर.)
चौदा कमी, हे सांगायला संगणक लागत नाही.
ओद्दुर बोटांवर सांगतो,
आणि त्याला बोटं आठच आहेत.

कोणत्या चौदा, हे सांगायचं काम माझं.
संस्थेच्या या खोलीत,
जिथे हीटरवर ओले हातमोजे वाळतात,
मी दोन तक्ते शेजारी शेजारी उघडते.
डावीकडे गेलेल्या. उजवीकडे आलेल्या.
आणि विचारते,
डावीकडचा असा कुठला बिल्ला आहे
जो उजवीकडच्या यादीत नाही?

उत्तर येतं: एकही ओळ नाही.

पुन्हा विचारलं.
कॉफी आणली, कंस मोजले, स्वल्पविराम तपासले,
पुन्हा विचारलं.
एकही ओळ नाही.
खिडकीबाहेर वर्षाचा पहिला बर्फ आडवा उडत होता.
ओद्दुर दारात, टोपी न काढता:
"मग काय, सगळ्या आल्या म्हणायचं?"

संध्याकाळी सापडलं.
उजव्या तक्त्यात, चारशे तिसाव्या ओळीत,
बिल्ल्याच्या रकान्यात काही नव्हतं.
शून्य नव्हे; शून्य हीसुद्धा एक नोंद असते.
काहीच नाही.
पुढे ह्याल्तीचा शेरा:
कान फाटका. तारेत अडकला असावा. मेंढी ठीक.

आता यंत्राचंही ऐकून घ्या.
ते म्हणतं, ही जी बिनखुणेची एक आहे,
ती तुमच्यातली कुणीही असू शकेल.
मग दोनशे सात हरवली असं छातीठोक कसं सांगू?
तीनशे एक्केचाळीस हरवली, असं तरी?
एकीच्या संशयाचा फायदा
त्याने सगळ्यांना दिला
आणि ते गप्प बसलं.

मला त्याचा राग येईना.
माझ्या आईच्या लहानपणी आमच्या खाडीतली एक नाव बुडाली.
रेडिओवर निरोप आला: एकाला वाचवलंय,
आणि नाव खरखरीत विरून गेलं.
त्या रात्री सहा घरांत
कुणी रडलं नाही.
सहा ताटं झाकून ठेवली होती.

सकाळी मी प्रश्न बदलला.
यादीला विचारायचं नाही,
एकेकीला गाठून विचारायचं:
तुझ्या जोडीची ओळ पलीकडे आहे?
नाही? तू इकडे उभी राहा.

पंधरा उभ्या राहिल्या.

ओद्दुरने कागद लांब धरून वाचला.
"चौदा म्हणालो होतो मी."
"यातली एक घरीच आहे."
"कोणती?"
हे मात्र कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

आम्ही गोठ्यात गेलो.
ती रवंथ करत होती, करडी,
कानाची कड वाळलेल्या पानासारखी.
आकड्यांना मेंढ्या ओ देत नाहीत,
म्हणून ओद्दुर नावं घेत गेला.
पंधरांतल्या आठांचीच त्याला आठवली.
कोळशी. तिने मान वर केली.
धुकट. तिने मान वर केली.
सावत्री. मान वरच होती,
कारण त्याच्या दुसऱ्या हातात गवत होतं.

मी म्हटलं, एकीवर काट मारते, अंदाजाने.
चौदाचा मेळ बसेल, वरच्या कार्यालयात पाठवता येईल.
"नको," तो म्हणाला.
"चुकीच्या बाईवर काट मारलीस
तर तिला शोधायला कोण जाणार?"

आता अकरा वाजलेत.
ह्याल्ती, ओद्दुर आणि ती एका डोळ्याची कुत्री
मघाशीच वळणापलीकडे गेले,
खिशात पंधरा आकडे घेऊन
चौदांच्या शोधात.
बर्फ थांबलेला नाही.
चारशे तिसाव्या ओळीवर कर्सर लुकलुकतोय.
मी तिथे काही लिहिलेलं नाही.